‘माहेर’वरचा हॉर्न

आधीच सांगते, मास्तर काही फार गोड माणूस नव्हता. माणूस नजरेआड झाला की त्याच्याबद्दल साखर पेरायची आपल्याकडे रीत आहे. मला ती जमत नाही. तीन वर्षं मी त्याच्याबरोबर घंटागाडीच्या केबिनमध्ये खेटून बसले. तेवढ्यात किमान शंभर वेळा मनात आलं असेल, की या म्हाताऱ्याला ओल्या कचऱ्याच्या खान्यात टाकावं आणि वरून झाकण लावून घ्यावं. दिवाळीपासून तो गाडीवर नाही. लेकीकडे गेला, तिकडे वरठीला. नवा ड्रायव्हर शांत आहे, हसतमुख आहे, आणि त्याच्या शेजारी बसून मला इतका कंटाळा येतो की विचारू नका.

आमच्या गावाचं नाव लिहीत नाही. भंडारा जिल्ह्यातलं आहे, नगर परिषद आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर उद्या कोणीतरी कागद घेऊन दारात उभं राहील. मी बी.ए. झालेली, त्यामुळे लिहिताना बरं लिहिते. बोलताना तोंडातून मले-तुलेच येतं. मास्तरचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिहिणार, नाहीतर त्या माणसात काही शिल्लकच राहत नाही.

मे महिन्यात आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही. त्या उन्हात मास्तर गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून गाडी चालवायचा. तोंडात ज्येष्ठमधाची काडी. दही नाही, चिंच नाही, बर्फाचं तर नावच नको. घरून कोमट पाण्याची बाटली आणायचा आणि ती बाटली माझ्या मांडीवर ठेवायचा, म्हणजे मला दोन्हीकडून चटके. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं,

"मास्तर, गळा दुखते का जी?"

"नाही."

"मग मफलर कायले?"

"दुखू नाही म्हून."

एवढा गळा जपायचा, आणि गायचा मात्र कधी नाही. गुणगुणणं नाही, साधी शिट्टी नाही. म्हणजे सोनं पेटीत कुलूपबंद ठेवून फाटक्या लुगड्यात फिरणाऱ्या बाईसारखी तऱ्हा.

स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. गाडी थांबली की खाली उतरायचा, गाडीभोवती एक फेरी मारायचा, मागच्या टायरला लाथ घालायचा, टपावरच्या कर्ण्याकडे डोळे बारीक करून पाहायचा आणि पुन्हा आत येऊन बसायचा. पुढच्या दारात पुन्हा तेच. चहा उभ्यानं, तोही अर्धा. गाडी चालू असली की स्टीअरिंगवर बोटं वाजत. त्याच्या शेजारी बसून मलाही सवय लागली, घरी भाकरी थापताना सासू म्हणायची, "काहून वं, भाकर थापतेस का तबला?"

आणि कान! बापा रे, काय कान होते. बाया बादली आणून गाडीच्या कडेवर आपटत, त्या आवाजावरून तो न पाहता सांगायचा, कोणाची बादली. पेटीच्या पट्ट्यांची नावं द्यायचा. "ही टेलरबाई. काळी चार." "हे देवळाजवळचं घर. पांढरी दोन." एकदा म्हणाला, "वकिलाच्या बादलीचा तळ फुटून राहिला. सांग तिले." मी वकिलाच्या बायकोला सांगितलं. तिनं बादली उलटी करून पाहिली, केसाएवढी चीर गेलेली. तेव्हापासून ती बाई मास्तरला थोडी घाबरायची.

गाडीत एक शब्द बंद होता. चालते. आता आमच्या भागात त्या शब्दावाचून माणसाचा दिवस कसा जाणार? भाजीत मीठ कमी, चालते. पाहुणे उद्याऐवजी परवा आले, चालते. मी एकदा सुक्याच्या खान्यात ओला कचरा पडला म्हणून म्हटलं, "राहू द्या मास्तर, चालते." त्यानं गाडी भर चौकात थांबवली. मागे दोन ट्रॅक्टर, एक बस, सगळे हॉर्न मारताहेत. "नाही चालत," तो म्हणाला. "उतर. काढ तो कचरा." मी शिव्या देत उतरले, हात घालून काढला. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हा माणूस डोक्यानं गेलेला आहे.

तो पूर्वी झाडीपट्टीच्या नाटकांत गात होता, हे नगर परिषदेत सगळ्यांना मोघम ठाऊक होतं. आमच्याकडे दिवाळी झाली, धान घरात आलं, की गावोगावी शंकरपट भरतात, बैलांच्या शर्यती. दिवसा पट, आणि त्याच मुक्कामी मंडपात नाटक. लेकी-जावई, पाहुणे-रावळे सगळे जमतात. नाटक पाहता पाहता लोक पोरीही पाहून घेतात आणि सोयरिकी जुळतात. माझ्या आईबाबांचं तसंच जुळलं, आसगावला. आई अजून सांगते, "गवय्याचं गानं झालं अन् तुहा बाप मंडपात उभा राहून वन्समोर, वन्समोर वरडून राहिला होता. म्या म्हटलं, कोन हाय वं हा बावळट?" अशाच मंडपांत मास्तर पंचवीस-तीस वर्षं गायला. पोस्टरवर त्याचं नाव हिरोच्याही वर छापत, असं म्हणतात. कोणतं नाव, ते त्यानं मला कधीच सांगितलं नाही. पोस्टरवरचं नाव वेगळं होतं. "ते पोस्टरसंगच गेलं," एवढंच म्हणायचा.

नाटक का सोडलं, ते मात्र एकदा डम्पिंग यार्डच्या रस्त्यावर न विचारता सांगितलं. "कंपनीवाला म्हने, मास्तर, आता गानं मशीनवर लावतो. तुमी फक्त तोंड हालवा. म्या म्हटलं, तोंड तं बैलबी हालवते. उतरलो स्टेजवरून." पुढे यार्ड येईपर्यंत नुसती बोटं वाजवत राहिला.

आता नशिबाची मस्करी पाहा. आमच्या गाडीच्या टपावर जो कर्णा होता, त्यातून सकाळपासून दुपारपर्यंत जे गाणं वाजायचं, ते मास्तरचंच. गाड्या नव्या आल्या तेव्हा नगर परिषदेला गावातल्याच माणसाच्या आवाजात गाणं हवं होतं. एका गुरुजींनी लिहून दिलं, आणि आपला ड्रायव्हरच गवय्या आहे हे कोणाला तरी आठवलं.

गाडी आली दाराशी, कचरा आणा बाहेर,
ओला-सुका वेगळा ठेवा, अंगण वाटू दे माहेर.

कचऱ्याच्या गाण्यात माहेर कुठून आलं ते गुरुजींनाच ठाऊक. पण मास्तरनं ते असं गायलं होतं, की पहिल्यांदा ऐकताना माझ्या हातातली पिशवी हातातच राहिली. पुढे रोज शंभरदा ऐकून त्याचं काही वाटेनासं झालं, ते सोडा.

गंमत अशी, की त्या दुसऱ्या ओळीच्या शेवटी, ‘माहेर’ म्हणताना, बरोब्बर ‘हे’वर, मास्तर हॉर्न मारायचा. पोंऽ! सुरुवातीला मला वाटलं, कुत्रं आडवं आलं. दुसऱ्यांदा वाटलं, डुक्कर. महिनाभरानं लक्षात आलं की रस्ता मोकळा असला तरी हॉर्न वाजतो, गाडी उभी असली तरी वाजतो. गावाला तर तो गाण्याचाच भाग वाटायचा. शाळेतली पोट्टी कोरसमध्ये गायची, "अंगण वाटू दे मा-पोंऽ-र!" बाया गाण्याकडे लक्षच देत नसत, हॉर्न ऐकला की बादली उचलत. माझी आई वर्षातून दोनदा यायची, ती तेवढी वैतागायची. "आवाज बरा हाय मेल्याचा, पन ह्या गाडीवाल्याले काय झालं? गानं वरतं चढून राहिलं का मंधातच भोंगा मारते!"

एक दिवस मी सरळच विचारलं. मास्तरनं आधी डुक्कर सांगितलं. मी म्हटलं, डुक्कर काय ताल धरून येते का जी? तेव्हा तो ज्येष्ठमधाची काडी बाहेर फेकून बोलला.

"तिथं माहा सूर खाली राह्यला."

"कुठं?"

"‘हे’वर. वरतं जाचं होतं, नाही पोचला. केसभर. म्या म्हटलं, पुन्हा घेऊ. तो स्टुडिओवाला म्हने, मास्तर, कचऱ्याचंच गानं हाय, चालते. पेनड्राइव्ह काढून साहेबाच्या हातात देल्ली बी." मग माझ्याकडे वळून, बोट रोखून, "कोनाले सांगशील नको."

त्या दिवशी मला ‘चालते’चं कोडं सुटलं. हसूही आलं आणि, खरं सांगते, जरा भीतीही वाटली. दिवसातून शंभर वेळा आपलीच चूक आपल्याच कानावर आपटायची आणि शंभर वेळा तिच्यावर हॉर्न मारायचा. माणूस स्वस्थ बसणार कसा?

मग या मागच्या उन्हाळ्यात हॉर्न बिघडला.

सुटा भाग भंडाऱ्याहून यायचा होता, दोन दिवस लागणार होते. अॅम्प्लिफायर सीटखाली, त्याचं आवाज कमी-जास्त करायचं बटण मोडून वर्ष झालेलं. म्हणजे गाणं एकतर पूर्ण वाजणार, नाहीतर बंद. पहिल्या गल्लीत ती ओळ जवळ आली तसा मास्तर घामानं भिजला. हॉर्नवर तळहात आपटला, काही वाजलं नाही. त्यानं पेनड्राइव्ह उपटून खिशात टाकली. दोन दिवस गाडी मुकी फिरली. बाया घरात वाट पाहत बसल्या, गाडी समोरून निघून गेली. दोन वॉर्डांत बादल्या भरून वाहू लागल्या, भर उन्हाळ्यात वासानं नको झालं, आणि तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना नगर परिषदेच्या स्वच्छता निरीक्षक साहेबांनी आत बोलावलं.

"गाणं कायले बंद केलं?" साहेबांनी विचारलं.

मास्तर मफलरचं टोक ओढत उभा. शेजारी ठेकेदाराचा माणूस बसलेला. तो म्हणाला, उद्यापासून दुसरा ड्रायव्हर देतो, साहेब, वय झालं यांचं. साहेबांनी पुन्हा विचारलं, मास्तर आपला मफलरच ओढतोय. मला राहवेना. माझं तोंड म्हणजे फाटकी पिशवी, आत काही टिकतच नाही. मी बोलून गेले, "साहेब, त्या गाण्यात त्यांचा एक सूर खाली गेला हाय. तो लोकांले ऐकू येऊ नाही म्हून ते हॉर्न मारतेत."

ऑफिसातले सगळे हसले. शिपाई तर भिंतीला टेकून हसला. साहेब मात्र जरा थांबले, मग म्हणाले, "असं करा. पंधरा दिवसांनी तपासणीचं पथक येते. तोवर हातानं घंटा वाजवा आणि नवीन गाणं भरून आणा, तुमच्या मनासारखं. नाही जमलं तर जुनंच वाजन. पण विनाकारण हॉर्न आता बंद. वाजला तर गाडी दुसऱ्याच्या हाती." यापेक्षा बरं काय हवं, असं मला वाटलं. बाहेर आल्यावर मी हसून मास्तरकडे पाहिलं.

"तू तोंड झाकतेस," तो म्हणाला, "तुह्या कॉलेजातल्या पोरी ओळखतीन म्हून. वासासाठी नाही झाकत. तीन वर्सांपासून माईत हाय मले. म्या सांगतलं का कोनाले?"

मला कोणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. खरंच होतं ते. सासरचे हातमाग बंद पडले, नवऱ्याची टपरी चालेना, म्हणून मी या कामाला आले आणि पहिल्या दिवसापासून डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा बांधत आले. तीन दिवस आम्ही एका केबिनमध्ये बसून एकमेकांशी बोललो नाही. तीन दिवस गाणं नाही, दुरुस्त झालेला हॉर्नही नाही; मी दारोदार घंटा बडवायची आणि मास्तर दात आवळून खिडकीबाहेर पाहायचा.

चौथ्या दिवशी यार्डात कचरा उतरवून झाला तशी त्यानं गाडी खतांच्या शेडमागे नेऊन लावली. "उतर," म्हणाला. "कान हायेत का तुले?"

"सासरी मागावर बसलेली हाय मी," मी फणकारले. "धोटा चुकला तं चुलीजवळ बसून समजते मले."

"मग ऐक. ‘हे’ खाली राह्यला तं हात वर कर. खोटं सांगशील नको."

आणि तो गायला. तीन वर्षांत पहिल्यांदा. समोर कचऱ्याचा डोंगर, वर घारी, बाजूला कुत्री, आणि हा मफलर सोडून, डोळे मिटून, एक हात कानाला लावून उभा. खालच्या सुरात आवाज असा भरला होता की माझ्या अंगावर काटा आला. मग ओळ वर चढली, ‘मा’पर्यंत गेली, आणि ‘हे’वर गळा फाटला. केसभर नाही, चांगला वीतभर. मी हात वर केला. पुन्हा गायला. पुन्हा हात. रोज दुपारी, अकरा दिवस, हेच. एकदा मला दया आली म्हणून मी हात खालीच ठेवला, तर त्यानं दगड उचलला. माझ्यावर नाही, कुत्र्यांवर फेकला, पण मी समजले.

"पट्टी उतरवा ना मास्तर," मी म्हटलं. "थोडं खालून गा."

"खालून तं कोनीबी गाते," तो म्हणाला आणि कोमट पाणी प्यायला. वय तर होतंच. शिवाय इतकी वर्षं गळ्यात कचऱ्याची धूळ गेलेली. ते त्यालाही कळत होतं आणि मलाही.

रविवारी आम्ही त्याच स्टुडिओत गेलो, मंडप-डेकोरेशनच्या दुकानामागे. मालकही तोच, फक्त पोट सुटलेलं आणि समोर नवा कॉम्प्युटर. मास्तर आत काचेपलीकडे उभा राहिला. मी बाहेर स्टुलावर, पदराची गाठ मारत. पहिल्यांदा गायला, फाटला. दुसऱ्यांदा फाटला. सातव्यांदा इतका जवळ गेला की मी श्वास धरला, आणि गेलाच. अकराव्यांदा आवाजच निघाला नाही. तो बाहेर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. खुर्चीवर टेकून, अगदी स्थिर बसला. त्याला तसं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि मला ते बिलकुल आवडलं नाही.

मालक बिचारा चांगल्या मनाचा निघाला. म्हणाला, "मास्तर, कायले तकलीफ घेता? जुनं गानं हाय ना माह्याजवळ. आता तं सगळं मशीनवर होते. दोन मिनिटं द्या." त्यानं जुनी ओळ पडद्यावर आणली, नागमोडी रेघ दिसली, तिच्यातलं एक टोक माऊसनं धरून वर ओढलं आणि वाजवलं.

अंगण वाटू दे माहेर.

पोचला! सूर पोचला, पार वर, निर्मळ, मास्तरच्याच आवाजात, जुन्या, न फाटलेल्या. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "झालं ना मास्तर! हेच घ्या!"

"अजून एकडाव लाव," मास्तर म्हणाला.

मालकानं लावलं.

"अजून एकडाव."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "हा कोन गाऊन राहिला?"

"तुमीच ना जी!"

"मी नाही. माह्या गळ्यातून हा सूर गेला असता तं मले आठवला असता." उठला, मफलर गुंडाळला. "पुसून टाक."

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नको म्हटलं. मास्तर दारात उभा राहून पुन्हा म्हणाला, "पुसून टाक म्हनलं ना." आणि ते पुसलं जाईपर्यंत तो तिथून हलला नाही.

रस्त्यावर आल्यावर मी त्याला फाडफाड बोलले. आतापर्यंत सगळं गिळलं होतं, ते सगळं बाहेर काढलं. अकरा दिवस भर उन्हात माझे हात वर करून करून दुखले. आता जुनंच गाणं वाजणार, हॉर्न मारता येणार नाही, मारला तर पोटावर पाय, मग करणार काय तुम्ही? तो माझ्यापुढे झपाझप चालत होता. "ऐकीन," एवढंच म्हणाला.

सोमवारी जुनं गाणं लागलं. तपासणीचं पथक त्याच दिवशी येणार होतं, त्यामुळे साहेबांनी सकाळीच पुन्हा बजावलं होतं, हॉर्न नको. पहिल्या गल्लीत ओळ आली. मास्तरनं उजवा हात मांडीखाली घालून त्यावर बसून घेतलं, आणि सूर सगळ्या गल्लीला ऐकू आला, केसभर खाली. मी डोळे मिटले. उघडले तर काही झालं नव्हतं. कोणाचं लक्षच नव्हतं. पोट्टी तेवढी ओरडली, "पोंऽ कुठं गेला?" टेलरबाई बादली घेऊन धावत आली आणि म्हणाली, "हॉर्न कावून नाही वाजवला जी? मले वाटलं, अजून आलेच नाही तुमी." बस्स, एवढंच. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव जाळला, ते कोणाच्या गावीही नव्हतं. ते बरं झालं की वाईट, मला ठरवता येईना. मास्तरचा चेहरा पाहायचं धाडस मला झालं नाही.

असं करत गाडी आमच्या आळीत आली. आई उन्हाळी धानाची कापणी उरकून आदल्याच दिवशी आसगावहून आली होती. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. गाणं आळीत शिरलं तेव्हा तिनं मानही वर केली नाही. मग ती ओळ आली, वर चढली, भोंगा वाजला नाही आणि ‘हे’ तेवढा खाली राहिला. आईचा हात सुपात थांबला. ती उठली. बादली राहिली तिथंच, आणि ती कचऱ्याच्या बाजूला न येता सरळ मास्तरच्या खिडकीशी आली.

"काय जी," ती म्हणाली, "हे गानं कोन गायलं?"

मास्तर समोर पाहत राहिला. "कायले पाहिजे?"

"आमच्या आसगावच्या पटात एक गवय्या ये. त्याचा सूर वरतं जाता जाता असाच खाली राहे. इतकूसा." तिनं चिमटीनं दाखवलं.

मी आईला डोळ्यांनी दटावलं, मान हलवली, पण ती माझ्याकडे पाहतच नव्हती.

मास्तरनं विचारलं, "नेहमी राहे?"

"नेहमीच! तेच्याचसाठी तं वन्समोर देत लोक. आता पोचते का नाही, पोचते का नाही, असा जीव वर-खाली होये. अन् नाही पोचला का डोऱ्यात पानी ये. ह्या पोरीचा बाप तं तीन डाव उभा राह्यला."

"तिसऱ्या डावाले पोचला?"

"नाही जी." आई हसली. "तिसऱ्या डावालेबी नाही."

मास्तरनं मांडीखालचा हात बाहेर काढला आणि स्टीअरिंगवर ठेवला. बोटं वाजली नाहीत. टपावर गाणं फिरून पहिल्या ओळीवर आलं होतं; गाडी आली दाराशी, कचरा आणा बाहेर. ज्या जागेवरून लोकांनी त्याला ओळखलं असतं, नेमकी तीच जागा हा बाबा इतकी वर्षं झाकत आला होता. मला ओरडून आईला सांगावंसं वाटलं, हाच वं तो, हाच! पण या वेळी माझं तोंड उघडलं नाही. आम्ही तिघंही गाणं ऐकत थांबलो. ‘माहेर’ आलं, वर चढलं, आणि नाही पोचलं. आईनं पदरानं डोळे टिपले.

"कुठं असन तो बिचारा, कोनास ठाऊक," ती म्हणाली. "पन त्याचं असं खाली राह्यलेलं गानं तुमी गावभर वाजवून राहिले जी. त्याले चालते का?"

मास्तरनं मफलर सोडवून मांडीवर ठेवला. त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आईकडे.

"चालते, बाई," तो म्हणाला. "त्याले चालते."